परक्या रानातले पांडव

काल सकाळी गाडीत बसतानाच ठरवलं होतं, आज काय वाट्टेल ते होवो, पोराला विचारायचंच. आठ दिवस झाले येऊन, ओठावर येतंय आणि मी गिळतेय. जिवाला चैन म्हणून न्हाय.

घरून निघताना आमच्या मालकांनी, पोराच्या बापानं, बजावलं होतं, अभिमन्यू माघारी येणार असंल तर बाग ठेवू, न्हायतर पाडव्याच्या आत उपटून ऊस लावतो, माझ्यानं आता फवारणी हुईना. अक्कलकोटाजवळ आमची दोन एकर द्राक्षं हायती, लेकरागत वाढवलेली. मालकांचा रोज फोन, रोज तोच सवाल. मी थंडीचं सांगून वेळ मारून न्यायची.

थंडी मात्र खरीच. ऑस्ट्रेलियातल्या ह्या गावाचं नाव ऑरेंज, आणि पिकतात द्राक्षं, काय म्हणावं. उंच डोंगरावर हाय. मार्चात आमच्या सोलापुरात डांबर पघळतंय आणि हितं मी दोन स्वेटर चढवून, मोज्यावर चपला घालून. अभिमन्यू चार वर्षांमागं हितं शिकायला आला, आता एका वायनरीत कामाला हाय. काल सुट्टी काढून मला वायनऱ्या दाखवायला निघाला.

पहिल्या वायनरीत माणसं पेला गरागरा फिरवायची, हुंगायची, घोट घ्यायची आणि बादलीत थुंकायची. थुंकायचीच तर घ्यावी कशाला? मला द्राक्षाचा रस दिला, तो बरा होता. अभिमन्यू तोंडभरून सांगत होता, रात्री गारठा पडतो म्हणून मणी सावकाश पिकतो, आंबटपणा टिकतो. माझं कुटलं लक्ष. गाडीत बसल्यावर एकदाचं तोंड उघडलं, तर म्हणलं काय, पट्टा लई आवळतोय.

दुसरीकडं बागेत फिरवलं. घड मुठीएवढे, मणी वाटाण्याएवढे. आमच्याकडं बेदाण्यालाबी कुणी घेणार न्हाय. बोलायचं सुचंना, तर हात आपसूक चालू झाले. विरळणीला खुडतो तसे दाटलेल्या घडातले मणी खुडायला लागले. पिकलेल्या घडाची विरळणी करत न्हाईत हे काय मला कळत न्हाय? पण हाताला कोण सांगणार. तीन घड झाल्यावर अभिमन्यू पळत आला, ह्यांना बारकाच मणी लागतो म्हणाला. तिथली मालकीणबाई लांबून बघत होती. मेल्याहून मेल्यागत झालं.

तिसरी वायनरी त्याच्या कामाची. मला तो पार शेवटच्या ओळीला घेऊन गेला. तिथल्या खांबाच्या बुडाशी पाच दगड मांडलेले, पांढऱ्या रंगानं रंगवलेले. बघितलं आणि पाय जागीच थबकले.

मार्गशीर्षातल्या येळअमावसंला आमच्या भागात रानात पाच दगडांचे पांडव मांडतो, चुना लावतो, ज्वारीच्या आंबिलीचा निवद दाखवतो. पण ते आपापल्या रानात. दुसऱ्याच्या रानात जन्मभर राबला तरी मजूर तितं पांडव मांडत न्हाय. अभिमन्यूला हे मीच शिकवलंय, कडेवर घेऊन.

कवा मांडले, मी विचारलं.

"तीन वर्षं झाली, आई. ज्वारीचं पीठ सिडनीहून मागवलं. हितल्या मालकाला सांगितलं, एवढे दगड हलवू नका. हसला तो, पण हलवले न्हाईत."

तीन वर्षं येळअमावसंला फोनवर म्हणायचा, तुमी करा, माझा नमस्कार सांगा. ह्यातलं अक्षर बोलला न्हाय. राग आला मला, लई राग आला. मग तो खाली वाकून दगडांभवतीचं गवत काढायला लागला, हळूहळू, आमचे मालक काढतात तसंच. रागबी टिकंना.

तेवढ्यात फोन वाजला. मालकच होते.

"विचारलंस का?"

अभिमन्यू मान वर करून माझ्याकडं बघत होता.

"विचारायचं काय राहिलं न्हाय," मी म्हणलं. "बाग काढा."

त्यानं ऐकलं. काढू नका म्हणंल म्हणून मी थांबले.  एक दगड कलंडला होता, तेवढा त्यानं सरळ केला.

 मालकांनी हळूच विचारलं, ट्रॅक्टरवाल्याला उद्याच सांगू का.

"सांगा," मी म्हणलं. "पण आपले पांडव हलवू नका."