पेट्रोलने धुतलेली डबी

"एकही हलत नाही?" घड्याळजींनी पुन्हा विचारलं.

लॅबवाल्या ताईंनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "नाही हो. जंतुसंसर्ग मात्र पार गेलाय. मागच्या वेळी पू-पेशींचा नुसता बाजार भरला होता, आज औषधालाही सापडत नाही. गोळ्यांनी काम चोख केलंय. पण शुक्रजंतू... सगळे निपचित."

घड्याळजी मटकन स्टुलावर बसले. एकवीस दिवस त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या मिनिटाचाही फरक न करता घेतल्या होत्या. माणूसच तसा, गिऱ्हाइकाचं घड्याळ दोन सेकंद मागे पडलं तरी यांचा जीव खालीवर! लग्नाला अकरा वर्षं झालेली. याही वेळी काही आशेचं निघालं नाही, तर पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. ती बाहेर बाकावर बसली होती. तिला आता काय सांगायचं?

पण चौकसपणा कुठे जातोय! "ताई, मी बघू?"

"बघा की."

ते वाकले. डावा डोळा आपोआप मिटला. भिंगातून बघायची तीस वर्षांची सवय. खरंच, सगळे जागच्या जागी पडलेले. डोकी शाबूत, शेपट्या शाबूत.

"मागच्या खेपेला शंभरात बारा तरी चालत होते ना? मग आजार गेल्यावर सगळेच कसे बंद पडतील? बंद पडायला काहीतरी कारण लागतं, ताई."

"घरून आणताना गारठा लागला का? उशीर?"

"छे! शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणलं. बावीस मिनिटं."

"डबी आम्ही दिलेलीच ना?"

"तीच. स्वच्छ धुऊन घेतली."

"धुऊन? कशाने?"

"पेट्रोलने. म्हणजे... आम्ही घड्याळवाले धुतल्याशिवाय कुठल्याच डबीत काही ठेवत नाही."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो देवमाणूस! निर्जंतुक डबी ती! सगळ्यांचा मुडदा पाडलात की!" आणि त्यांना हसूच आवरेना. मागचा नमुना इथल्याच खोलीत दिला होता, म्हणून ती डबी यांच्या तावडीतून सुटली होती. घड्याळजी पार ओशाळले, पण जीव भांड्यात पडला.

चार दिवसांनी नवी डबी आली, न धुतलेली. ताई बराच वेळ मोजत राहिल्या.

"शंभरात सव्वीस. गोळ्यांचा गुण असेल, पण अजून कमीच आहेत हं. मूल होईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पुढचं डॉक्टरांशी बोला."

"हिला दाखवू?"

ताईंनी दाराकडे पाहिलं आणि मान डोलावली. बायको आत आली, चष्मा कपाळावर सरकवून वाकली.

"अगंबाई! किती धडपडतायत हो!" ती हसायलाच लागली. "हा बघा कसा तडक निघालाय! आणि हा एकाच जागी गोल गोल फिरतोय, अगदी तुमच्यासारखा."

"काच सुकत आली की थांबतील," ताई घड्याळजींच्या कानाशी हळूच म्हणाल्या.

बायकोची मान काही वर होईना. तिला एवढं हसताना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते दोन मिनिटं थांबले, मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, पुरे आता."

"थांबा हो, अजून पळतायत!"

"म्हणूनच चल," घड्याळजी म्हणाले.