मॅडम काय लिहितात
प्रांजलनं वर्गातल्या एका मुलीची वेणी कात्रीनं कापली, म्हणून हायस्कूलनं प्रांजलच्या आईला बोलावून घेतलं. भिमाबाई मेंढरं जावेवर सोपवून लोणीहून आली. पोरीला छड्या बसतील, अशी तिची खात्री होती. पण समुपदेशक मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि प्रांजल घरी नीट जेवते का, झोपते का, ते विचारून वहीत लिहू लागल्या.

भिमाबाईला संशय आला. "गोड बोलून लिवून घेताय, अन् मग दाखला हातात देणार व्हय?"

मॅडमनी मागचं पान उघडून वही शेजारी बसलेल्या प्रांजलपुढं सरकवली. "तू मला सांगितलेलं आईला वाचून दाखवायचं का, ते तू ठरव."

प्रांजलनं वही जवळ ओढली. मग तिनं हळू आवाजात वाचलं, "मुली म्हणतात, माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो."

भिमाबाईनं पदर सारखा केला. "अन् त्या पोरींचं काय?"

"त्यांच्याशीही बोलणार आहे. पण वेणीबद्दल प्रांजलला माफी मागावीच लागेल, आणि दर सोमवारी माझ्याकडे यावं लागेल."

"मागंल ती. पर दर सोमवारी मी हितं बसणार. तुमी काय लिवता, ते मला ऐकायचंय."

"या," मॅडम म्हणाल्या.