बिगूलकाकांचा लांब सूर

बिगूलकाकांच्या घरात कुठल्याही दुखण्याचं निदान दोन शब्दांत व्हायचं. वय झालं. गुडघा कुरकुरला, वय झालं. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या घरात, वय झालं. जिना चढताना काका मधल्या वळणावर थांबून खिडकीबाहेरची पाण्याची टाकी मन लावून बघू लागले, तेव्हाही काकूंनी वरून तेच ऐकवलं. त्याच आठवड्यात फ्रिज घरघर करू लागला. वय त्याचंही झालंच होतं. पण त्याच्यासाठी दुपारच्या आत मेकॅनिक हजर झाला आणि मागचं झाकण उघडून नीट तपासून गेला. काकांची घरघर तपासायला कुणी आलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं खुद्द काकांनाही वाटलं नाही.

काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. दलातल्या निवृत्तांचा एक बँड होता आणि त्यात काका बिगूल वाजवत; दुसरा बिगूल नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे होता. वर्धापनदिनाच्या संचलनात हा बँड सर्वांत पुढे चाले. संचलनगीताच्या शेवटी बिगुलाचा एक लांब सूर होता, इतका लांब की तो संपेपर्यंत प्रेक्षकांतली लहान मुलं स्वतःचा श्वास रोखून धरत. तो सूर काकांचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा कुठे न लिहिलेला पण सर्वांना पाठ असलेला नियम होता.

आणखीही एक नियम होता. वडीलधाऱ्याची चूक तोंडावर दाखवायची नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत काकांचा सूर मध्येच तुटू लागला, तेव्हा बँडने सभ्यपणे तोडगा काढला. जिथे सूर तुटे, तिथे ढोलवाला असा काही दणका देई की ऐकणाऱ्याला बिगूल, ढोल आणि स्वतःचे कान यांतलं काहीच वेगळं ओळखू येऊ नये. काकांना चालताना धाप लागते हे दिसल्यावर सगळ्या बँडने चालही कमी केली. दर वर्षी थोडी थोडी. काकांना पत्ता लागू न देता.

यंदाच्या तालमीत मात्र पंचाईत झाली. बँडच्या मागून चालणारे दलातले तरुण जवान एक पाय उचलून तो कधी टेकायचा याची वाट बघत उभे राहिले. कडेने जाणाऱ्या एका गृहस्थाने टोपी काढून, कोण गेलं, अशी हलक्या आवाजात चौकशी केली. दलप्रमुख कडेला उभे राहून हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की बँडच्या ज्येष्ठ सभासदांची दगदग होऊ नये म्हणून यंदा त्यांनी मांडवात खुर्च्यांवर बसून वाजवावं.

खुर्च्यांवर! भर आगीत शिडी चढलेली माणसं, आणि त्यांनी लग्नातल्या पाहुण्यांसारखं बसून वाजवायचं!

काका तावातावाने ढोलवाल्याच्या घरी गेले. हा ढोलवाला त्यांचा नोकरीतला जोडीदार, पाईपचं एक टोक याच्या हातात तर दुसरं त्याच्या. काकांनी दलप्रमुखांचा यथेच्छ उद्धार केला. ढोलवाला सगळं ऐकत राहिला आणि शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "चाल आम्हीच कमी केली रे. तुझ्यासाठी. तुला दम लागतो म्हणून."

काका तिथून थेट घरी आले. बिगूल कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवला आणि काकूंना सांगितलं की उद्या जाऊन नाव काढून घेतो. माझ्यापायी पन्नास वर्षं चालणारा बँड बसायला नको.

काकू वय झालं म्हणायला तोंड उघडणार होत्या. पण एवढासा बिगूल वर ठेवताना नवरा मध्येच कपाटाला धरून दम खात उभा राहिला होता, ते त्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "नाव काढायला उद्या जा नाहीतर परवा जा. आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरबाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. मग हृदयाचा आलेख झाला, पडद्यावर हृदयाची हालचाल पाहून झाली. काका तोवर सांगत राहिले की यात काही विशेष नाही, वय झालंय, एवढंच.

"काका, तुम्ही आगीच्या ठिकाणी पोचल्यावर, लाकूड जुनं होतं, असं म्हणून परत यायचात का?" बाईंनी विचारलं.

"छे! जुनं लाकूड लवकर पेटतं. तिथे तर आधी धावायचं."

"मग स्वतःच्या बाबतीत परत का फिरलात?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंना उत्तर सुचलं होतं, पण ते त्यांनी घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. हृदय आवळतं तेव्हा रक्त पुढे जातं आणि सैलावतं तेव्हा ते पुन्हा भरतं. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठ होतात, हृदयाची भिंत थोडी जाड होते आणि सैलावायला वेळ लागू लागतो. बसल्याजागी ते कळत नाही; पण जिना आला, घाई आली, की ठोके तरुणपणी वाढत तितके वाढत नाहीत आणि भरणंही पुरं होत नाही. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः या सैलावण्याच्या वेळात. इतकं वयाचं देणं. "पण तुमचा रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला असणार, आणि कुणी मोजलेला नाही. हृदयाच्या भिंतीवरचा जास्तीचा भार त्याचा आहे. त्याला औषध आहे. वयाच्या नावाखाली तो फुकट वाढत राहिला."

"म्हणजे आता आराम?" काकूंनी विचारलं. त्यांनी काकांच्या हातून पिशवी, बादली, झाडांना पाणी घालणं, सगळं कधीच काढून घेतलं होतं. प्रेमानेच.

"म्हणजे आता चालणं," बाई म्हणाल्या. "बसून राहिलेलं हृदय आणखी ताठरतं. गोळ्या, मीठ कमी आणि रोज चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने. बिगूल मात्र मी सांगेपर्यंत कपाटातच."

दुसऱ्या दिवसापासून दोघं चालू लागली. बोलण्याचं काम काकूंनी दोघांच्या वतीने अंगावर घेतलं. पुढच्या तपासणीत बाईंनी खुलासा केला की बोलता यायला हवं ते काकांना. तेव्हापासून संसारात प्रथमच काकांना वाक्य पूर्ण करायला मिळू लागलं.

रक्तदाब ताब्यात आला. काका मधल्या वळणावर न थांबता घरी पोचू लागले आणि एके दिवशी बाईंनी बिगुलाला परवानगी दिली, लांब सूर सोडून. काका थेट बँडच्या खोलीत गेले. सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की मला दम लागत होता, मी तो लपवला, तुम्ही तो झाकला आणि आपण सगळ्यांनी मिळून संचलनाची वाट लावली. आता चाल पहिल्यासारखी धरायची. लांब सुराचा पहिला भाग मी वाजवीन, पुढचा नियंत्रण कक्षातल्या बाई उचलतील. त्यांचा दम माझ्यापेक्षा चांगला आहे. "आणि कुणाला काही होत असेल तर आत्ता बोला. इथे कोणी तरुण नाही, लाजता कशाला?"

थोडा वेळ सगळे वाद्यं पुसण्यात गर्क झाले. मग एकाने पाय सुजतात म्हणून सांगितलं. ढोलवाला सर्वांत शेवटी बोलला. चढ लागला की छातीत आवळतं. दोन वर्षं झाली. ढोल पट्ट्याने गळ्यात असतो, त्यामुळे असेल असं त्याला वाटलं होतं.

काकांनी त्याला उभ्या उभ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी चांगलीच अरुंद झालेली निघाली. उपचार वेळेवर झाले. मित्राची धाप झाकण्यासाठी जीव तोडून ढोल बडवणारा हा माणूस स्वतःचं दुखणं त्याच ढोलामागे लपवत होता, हे कळल्यावर काका दवाखान्याच्या बाकावर बसले ते तो बाहेर येईपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या तालमीतली चाल बघून दलप्रमुखांनी खुर्च्यांचा निरोप मागे घेतला होता; वर्धापनदिनाला मांडवातल्या खुर्च्यांवर प्रेक्षक बसले. बँड रस्त्यावर होता, जुन्या चालीत, ताठ मानेने. ढोल दुसऱ्याकडे गेला होता. ढोलवाल्याला डॉक्टरबाईंनी यंदा चालायला आणि हलकं वाद्य वाजवायला परवानगी दिली होती, आणि तो हातातला एवढासा लोखंडी त्रिकोण असा वाजवत होता की जणू सगळं दल त्याच्याच इशाऱ्यावर चाललंय. संचलनगीत शेवटाला आलं. काकांनी सूर लावला. भरदार, स्वच्छ. आपल्या टप्प्यापर्यंत नेला, मग हजारो लोकांसमोर बिगूल खाली घेतला आणि निवांत श्वास घेतला. नियंत्रण कक्षातल्या बाईंनी तोच सूर उचलला आणि टोकापर्यंत पोचवला. दलप्रमुखांचा हात सलामीसाठी कपाळाशी गेला.

मंडळी, आपल्या घरातलं म्हातारं माणूस जिन्यात थांबून टाकी बघू लागलं, तर टाकीत काय आहे ते बघू नका, त्याचा रक्तदाब बघा. त्याला खुर्ची देण्याआधी डॉक्टर द्या, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर सोबतीला जा. आपण स्वतःच म्हातारे असलो, तर छातीतलं छातीत ठेवू नये; सांगावं. हृदय म्हातारं होणारच. पण म्हातारं आणि आजारी यांतला फरक तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तो कळला की पुष्कळ चालता येतं.

मांडवात काकूंच्या शेजारी बसलेल्या एका प्रेक्षक बाईंनी कुजबुजत विचारलं, "तुमचे हे मध्येच थांबले का हो?"

"श्वास घेतला त्यांनी," काकू मोठ्याने, पुढच्या तीन ओळींना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत. आता बघा, अजून कसे चालतात ते."