निळ्या आकड्यांचा डबा

सोमाटण्याच्या चौकात पप्पूशेठच्या दुकानात चकचकीत डबे ओळीने मांडलेले असत. गाडीतल्या साउंड सिस्टीमला लावायचे कपॅसिटर. वायर जोडली की डब्यावर निळे आकडे पेटायचे आणि गिऱ्हाईक पाघळायचं. दुकानात वायरिंग करणाऱ्या चंपाला त्या डब्यांचा वीट आला होता. आयटीआयला दोन वर्षं शिकून आलेली ती, पण इथल्या तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तिचं म्हणणं खरं धरलं नव्हतं. एकदा तरी कुणीतरी धरावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी भाजे गावचा कैलास जीप घेऊन आला. लोणावळ्यात पर्यटक फिरवायचा.

"बेसचा ठोका पडला की हेडलाइट मिचकावत्यात," तो म्हणाला. "वर धुकं असलं की लय बेकार. कपॅसिटर टाका."

"भाऊ, आधी बॅटरीची अर्थिंगची वायर बघू द्या," चंपा म्हणाली.

कैलास तिच्याकडे न बघताच म्हणाला, "शेट, ह्या बघणार व्हय?"

"बघू दे की. डबा तर बसवायचाच आहे," पप्पूशेठ हसला.

चंपाने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या कडेने गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या, वर उंदराच्या लेंड्या, आणि त्या घाणीत अर्थिंगची वायर हिरवीपांढरी होऊन कुजलेली. श्वास रोखून तिने सगळं खरवडलं, जाड नवी वायर टाकली, नट आवळला. मग पप्पूशेठने सांगितल्यावर मागे डबाही जोडला. कैलासने हेडलाइट पेटवून गाणं लावलं. समोरच्या बंद शटरवर पडलेला दिव्यांचा उजेड जराही हलला नाही.

"आयशप्पत! डब्यात दम हाय, शेट!"

चंपाचं डोकं फिरलं. "दम डब्यात नाही, भाऊ. ती नुसती विजेची छोटी टाकी आहे. नळालाच पाणी नीट येत नसेल तर टाकी किती पुरणार? दोष वायरीत होता. थांबा, दाखवते."

तिने डब्याची लाल वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि आवाज आणखी वाढवला. निळे आकडे उतरत उतरत विझले. ठोक्यांवर ठोके पडत राहिले, उजेड मात्र तसाच. तिघांनीही तो पाहिला.

कैलासचं लक्ष विझलेल्या आकड्यांवर होतं. "बंद पाडला की हिनं! शेट, ह्या बाईला माज्या गाडीला हात लावू देऊ नका."

चंपाने पप्पूशेठकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. पण तो गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसला.

"नाही लावणार. मी स्वतः बसवतो."

तो जीपमध्ये शिरला, वायर हातात धरली आणि अडला. मग सीटमागून डोकं काढून हळूच म्हणाला, "चंपा, ही कुठल्या टोकाला गं?"

तिने सांगितलं. आणि सांगून होताच तिला स्वतःचीच किळस आली.