एकटीपुरता स्वयंपाक

हुहानाला एका माणसाचा स्वयंपाक येत नव्हता. हात सुगरणीचा, पण अंदाज सगळा टोळीचा. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर तिने अर्धा जन्म काढला होता. साउथलँड प्रांतातलं मेंढ्यांचं शेड बदलायचं, चूल बदलायची, पण पातेलं तेच. पोरं तिला ‘आंटी’ म्हणायची आणि लांडग्यासारखी जेवायची.

मग कुरणांवर पाइनची झाडं आली, मेंढ्या गेल्या, पोरं पोटापाण्यासाठी ऑस्ट्रेलियात पांगली. हुहाना तुआतापेरे गावातल्या आपल्या छोट्या घरी परतली. एके दिवशी कुंपणापलीकडच्या डूगल मॅकाराला ती म्हणाली, “मला डोंगरात जायचंय. एकटीला.”

डूगल तरुणपणी हरणांची शिकार करत महिनोन्‌महिने एकटा रानात राहिलेला. आता सत्तरी ओलांडली होती आणि बोलणं फार कमी झालं होतं. “आत्ताच का आठवलं?”

“आठवत रोजच होतं. प्रत्येक शेडच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. मी बटाटे सोलत बसलेली आणि तो तिथं उभा. दिवसातून पाच वेळा खायला घालायचं, जाणार कधी सांग?”

डूगल तिने भरलेली सॅक बघायला आला. त्याने बिडाचं पातेलं, पोळपाटाएवढी फळी आणि बटाट्यांची पिशवी एकामागून एक बाहेर काढली. “वाटेत कुणाचं लग्न लागतंय का?”

“उपाशी मरू का मग?”

“याच्या ओझ्यानं मरशील. हे उचलायला गाढव लागेल, आणि मी काही येत नाही.”

दुसऱ्या दिवशी तो मांजराच्या खाण्याचा रिकामा डबा घेऊन आला. कडेने भोकं पाडली, तळाशी थोडं स्पिरिट ओतलं, काडी लावली. झाली शेगडी. वाऱ्याला आडोसा म्हणून केकचा पातळ पत्र्याचा ट्रे कापून गोल वळवला. भांडं म्हणून त्याचा स्वतःचा, जुना, पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा मोठा मग दिला.

“हा तुझा रानातला ना?” हुहानाने विचारलं.

“माझे गुडघे गेले. मगाचे नाहीत गेले.”

मग परसात तालमी सुरू झाल्या. पहिला भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. हुहाना चिडली. एवढीशी ज्योत, एवढासा डबा, भात शिजणार कसा! पण भात उबेतही शिजतो हे तिला ठाऊक होतं. तिने जुन्या लोकरी कांबळ्याचा तुकडा कापून मगाला घट्ट बसेल अशी पिशवी शिवली. एक उकळी आली की मग पिशवीत घालायचा आणि धीर धरायचा. भात मोकळा झाला. डूगलने चमच्याने उकरून पाहिलं आणि नुसतं “हं” केलं. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

अडलं ते मापावर. रोज उरायचं, आणि रोज कुंपणापलीकडे हाक जायची.

“एका माणसाचं करणार होतीस ना?” डूगल तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला.

“एकाचंच आहे.”

“कुठल्या एकाचं? तुझ्या त्या भावाचं, घोड्याएवढ्या?”

शेवटी त्याच्या फ्रीजरमधला हरणाचा खिमा तिने शिजवून ओव्हनमध्ये कडकडीत वाळवला. रताळ्याचा लगदा पातळ पसरून पापडासारखा सुकवला आणि चुरला. सुके वाटाणे घालून मूठमूठ भरून पुड्या बांधल्या. एका वेळेला एक पुडी, जास्तीला हात लावायचा नाही. शेगडी, आडोसा, काडेपेटी सगळं त्या मगाच्या पोटात गेलं. हुहाना बराच वेळ तो मग हातात घेऊन बसली. एवढ्याशात माणसाचं भागतं!

मार्चमध्ये डूगलने तिला गाडीने रस्ता संपतो तिथवर सोडलं. “रविवारी येतो. आणि वाटेतला ओढा चढला तर थांबायचं. कळलं? ओलांडायला जायचं नाही.”

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला, आणि ती ओढ्याशी पोचली तेव्हा पाणी गढूळ होऊन दगड लोळवत चाललं होतं. पलीकडे मुक्कामाची झोपडी, तिच्या धुराड्यातून धूर. हाकेच्या अंतरावर ऊब, आणि जाता येत नाही. एक पाऊल पाण्यात घालून तिने पाहिलं. पायाखालचा गोटा सरकला तशी ती मागे फिरली.

काठावरच्या उंच बीच वृक्षांखाली तिने छोटा तंबू ठोकला. तीन काड्या वाया गेल्या, चौथी लागली. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही. तळवा धरला तेव्हा ऊब लागली, म्हणून पेटलंय हे कळलं. पाणी उकळलं. खिमा, रताळं, वाटाणे घालून तिने मग पिशवीत ठेवला आणि पोटाशी धरून बसली.

झाकण काढलं तशी वाफ तोंडावर आली. जेवणाआधीची प्रार्थना ती टोळीत मोठ्याने म्हणायची, पोरांच्या टोप्या उतरायला लावून. आता हळूच म्हणाली. नेहमीचे शब्द संपले तरी थांबवेना. डूगलचं नाव घेतलं, त्या हरणाचं घेतलं, टोळीतल्या एकेका पोराचं घेतलं.

पहिल्याच घासाला जीभ भाजली. हुहाना दचकली. गरम जेवण! इतकी वर्षं सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिच्या ताटातलं निवायचं, आणि तेही ती उभ्याने, भांडी घासता घासता खायची. तक्रार कधी नव्हती, आजही नव्हती. पण ती मांडी घालून बसली, फुंकर मारत मारत शेवटच्या कणापर्यंत सावकाश जेवली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग रिकामा झाला तेव्हा पोट अगदी बरोबर भरलं होतं.

सकाळी पाणी उतरलं. काठीने अंदाज घेत ती पलीकडे गेली. झोपडीच्या दारात डनीडन शहरातल्या दोघी बहिणी उभ्या होत्या, इस्ला आणि मोराग.

“काल किती घाबरलो आम्ही!” इस्ला म्हणाली. “तुम्ही पाण्यात पाय घातलात तेव्हा तर हिने किंकाळीच फोडली.”

“मग तुमच्या तंबूपाशी वाफ दिसली,” मोराग म्हणाली, “आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, बाई जेवतेय, म्हणजे ठीक आहे.”

शेगडीवर ओट्सची खीर रटरटत होती. हुहानाचा हात आपोआप पळीकडे गेला. “द्या इकडे, मी बघते.”

“अजिबात नाही,” मोरागने पळी उचलून घेतली. “बसा तुम्ही.”

हुहाना बसली. तिच्या पुढ्यात वाटी आली, वर भरपूर साखर.

रविवारी ती रस्त्यावर उतरली तेव्हा डूगलची गाडी आधीच उभी होती. आत रग, थर्मास, पावाचे तुकडे. पाऊस लागला तसा तो शुक्रवारीच येऊन बसला होता.

“सहज आलो लवकर,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “नीट जेवलीस ना?”

हुहाना त्याच्याजवळ गेली. खांद्यावर हात ठेवून तिने त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, तिच्या लोकांत आपल्या माणसाला भेटताना टेकवतात तसं. इतक्या वर्षांच्या शेजारात हे कधी झालं नव्हतं. डूगल आधी खांबासारखा ताठ उभा राहिला. मग त्याने टोपी काढली आणि डोळे मिटले.