खाडीकडचं शेत

कामणच्या आमच्या खोक्यांच्या कंपनीत दिपिकाताईने बाहेरच्या माणसाला भागीदार करून घेतलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मासळीसाठी पाण्यात न भिजणारी खोकी काढायची होती. बँक कर्ज द्यायला तयार होती, आणि ही सानेसाहेबांचे पैसे घेऊन त्यांना वीस टक्के शेअर देऊन बसली!

“अगं, कर्ज फिटतं! भागीदार जन्मभर नफा खातो!” मी ओरडलो.

ताई शांतच. “साध्या खोक्यांसाठी कर्ज घेतलंच ना आपण? ती खपणारच. बाबासुद्धा गावातलं शेत खंडाने घ्यायचे, ठरलेलं भात मालकाला द्यायचे. खाडीकडचं मात्र अर्धेलीने, पिकेल त्यातलं अर्धं मालकाला. बांध फुटून खारं पाणी शिरलं, तर मालकाचंही बुडायचं. अल्पेश, ही नवी खोकी म्हणजे खाडीकडचं शेत आहे.”

पावसाळा सरला तरी नवी खोकी पडूनच. एका सकाळी गेटवर गाडी थांबली. बँकेचा माणूस असता, तर हप्ता मागायला आला असता. उतरले सानेसाहेब. ताईने कामातून मानही वर केली नाही. ते येणार, हे तिला ठाऊकच होतं. काय बाई आहे!

सानेसाहेबांनी चार खोकी स्वतः गाडीत टाकली.

“अल्पेश, बस लवकर. नायगावच्या बंदरावर गिऱ्हाईक शोधू. माझेही पैसे बुडतायत.”