पाणबुड्या शेखरचा लेखक

उस्मानाबादेकडच्या वाशीला दूध संघाच्या केंद्रात पिराजी ओव्हाळ दूध तपासायचं काम करी. सकाळ-संध्याकाळ गावोगावचे कॅन यायचे. तो दुधातल्या फॅटचं प्रमाण काढायचा आणि दूध पास की नापास ते सांगायचा. मधल्या पाच-सहा तासांत त्याच्याकडं कुणी फिरकत नसे. तेवढ्या वेळात तो समुद्राच्या गोष्टी लिही.

मुंबईचा एक प्रकाशक दर पंधरवड्याला चित्रकथेचं पुस्तक काढायचा. बत्तीस पानं, वर रंगीत कव्हर. त्यातला पाणबुड्या शेखर हा पिराजीचा. बुडालेली जहाजं शोधणारा, चाच्यांच्या तावडीतून माणसं सोडवणारा. चित्रकाराची सही पानोपानी असे. 'कथा : पि. ओव्हाळ' एवढंच शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या चित्रकाराला पिराजी कधी भेटला नव्हता. समुद्रही त्यानं पाहिला नव्हता.

हे सुरू झालं बहात्तरच्या दुष्काळात. नुकतं लग्न झालेलं, आणि तो आणि मालन दोघं खडी फोडायला जात. एकदा दुपारी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद त्यानं उलगडला तर त्यावर चित्रं होती. एक माणूस पाण्यात उडी मारतोय, खाली अंधार. पुढचं पान नव्हतं. मालननं विचारलं, "मग फुडं?" तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रांवरून तिला गोष्ट धरता यायची. पिराजीनं पुढचं मनानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. दोन महिने ती गोष्ट चालली. मग एक दिवस त्यानं ती वहीत उतरवली आणि पुडीच्या कागदावर ज्याचा पत्ता होता त्याला पाठवून दिली. तिकडून उत्तर आलं, आणखी पाठवा.

मालन गेली त्याला आता सात वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत संपलं. मूलबाळ नव्हतं. पिराजी केंद्रामागच्या खोलीत एकटा राही. म्हातारी आई, पुतळाबाई, गावी धाकट्याकडं होती. गोष्ट लिहून झाली की तो अजूनही ती एकदा मोठ्यानं वाचून काढी, सवयीनं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत त्याला उस्मानाबादेहून पत्र आलं. नव्या साहित्याचं संमेलन भरणार होतं आणि कथाकथनाला त्याला बोलावलं होतं. पत्र गुलाब कांबळेचं होतं. गुलाब त्याचा शाळासोबती, आता कॉलेजात प्राध्यापक. पिराजीनं ते पत्र चार वेळा वाचलं. त्या साली पुन्हा दुष्काळ होता, जनावरं छावणीला गेलेली, कॅन निम्मे रिकामे यायचे. सुट्टी सहज मिळाली. त्यानं पांढरा सदरा धुऊन परटाकडून इस्त्री करून आणला आणि सकाळच्या एसटीनं निघाला.

मंडप भरलेला होता. "जय भीम, पिराजी!" म्हणत गुलाबनं त्याला मिठी मारली, स्टेजवर नेऊन बसवलं. नाव पुकारलं गेलं तेव्हा निवेदक म्हणाला, "आपल्या मातीतलं जळजळीत वास्तव मांडणारे कथाकार, पिराजी ओव्हाळ."

पिराजी उभा राहिला. त्याला जे येत होतं तेच तो घेऊन आला होता. त्यानं वाचायला सुरुवात केली.

"चौकट पहिली. खोल समुद्र. शेखरच्या नळीतली हवा संपत आलीय. चौकट दुसरी. समोर बुडालेल्या जहाजाची खिडकी. आत कुणीतरी हालतंय. शेखरच्या बोलण्याचा फुगा : कोण आहे तिथं?"

आधी लोकांना वाटलं, यात काहीतरी दडलंय, पुढं कळेल. मग मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. चौकट नववीपर्यंत कुजबुज वाढली. तरी पिराजीनं पूर्ण वाचलं. टाळ्या पडल्या, थोड्या, उरकल्यासारख्या.

प्रश्नांच्या वेळी एक तरुण उठला. आवाज चांगला होता त्याचा, उद्धट नव्हता. "ओव्हाळसर, आपल्या वस्तीला प्यायला पाणी नाही. आपली माणसं टँकरमागं पळायलीत. आणि तुम्ही चाचे आणि जहाजं लिहायलात. ते का?"

पिराजीनं माईक धरला. "मला ते येतं," तो म्हणाला, "म्हणून लिहितो." आणि खाली बसला.

जेवणाच्या मंडपात गुलाब त्याच्याजवळ आला. तो रागावला नव्हता, उलट जास्तच मायेनं बोलला. "पिऱ्या, लेका, तुझ्याजवळ किती आहे सांगण्यासारखं! आन् तू पोरासोरांचं काय लिहीत बसलास? चल, तुला एकांना भेटवतो."

पुण्याचे एक प्रकाशक होते. शांत, चष्मेवाले. त्यांनी पिराजीला खुर्ची दिली, घर-गाव विचारलं. बोलता बोलता पिराजीच्या तोंडून वडिलांचं निघालं. धर्म बदलल्यावर गोरोबा ओव्हाळांनी गावची मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं. म्हणून एका सकाळी गावातल्या लोकांनी त्यांना चावडीपुढं बेदम मारलं. पिराजी तेव्हा नऊ वर्षांचा.

"तुम्ही पाहिलंत?" प्रकाशकांनी विचारलं.

"व्हय. कडब्याच्या गंजीआडून."

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. "हे लिहा. जसं सांगितलंत तसं. दोनशे पानं द्या मला, मी लगेच छापतो."

वाशीला परतल्यावर पिराजीनं खरंच लिहायला घेतलं. मार्च गेला, एप्रिल गेला. शेखरची गोष्ट पाठवायची राहिली, मुंबईहून दोन पत्रं आली, त्यानं फोडली नाहीत. वडिलांचं लिहिताना त्याला जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही आठवलं. मार खाऊन झाल्यावर वडिलांनी हात जोडले होते. "उद्यापास्नं वढतो मालक" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ते ओढायला गेले नाहीत ही गोष्ट वेगळी. गेले ते बायकोपोरांना घेऊन थेट तेरखेड्याला, फटाक्यांच्या कामावर. गावी परतले ते पाच वर्षांनी. पण हात जोडले होते. पिराजीनं तेही लिहिलं. त्याला वाटलं, आपण पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलंय.

मे महिन्यात तो वही घेऊन गावी गेला. आईला लिंबाखाली बसवून त्यानं ते पान वाचून दाखवलं. पुतळाबाई सुपात तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"त्यानं हात जोडले, ते तू बघितलं व्हय?"

"बघितलं, माय."

"मरेस्तवर एकच म्हनायचा तुझा बाप. लई मारलं, पर पोरानं बघितलं न्हाय, तेवढं बरं झालं. त्याच जिवावर ताठ मानेनं फिरला त्यो तुझ्या म्होरं."

पिराजीनं वही मिटली.

"तू का न्हाय सांगितलंस कधी?" तिनं विचारलं.

"काय सांगू? त्यांना कळू नये म्हणूनच तर म्या गंजीमागं बसलो."

"मग आता कशाला सांगतूस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लोकास्नी कळायला पायजेल, व्हय. मारणारांची नावं लिही. पर त्याचे हात नगं रं."

पिराजीनं नावं लिहून बघितली. हात गाळून बघितले. पण हात गाळले की त्याला ते पान खोटं वाटे, आणि ठेवले की आईचं तोंड समोर येई. जूनमध्ये त्यानं पुण्याला कार्ड टाकलं, जमणार नाही. गुलाबचं रागाचं पत्र आलं : 'तू पळपुटा आहेस.' पिराजीनं उत्तर दिलं नाही. मग पत्रंच थांबली.

त्यानंतर त्यानं मुंबईची पाकिटं फोडली. पहिल्यात होतं, गोष्ट लवकर पाठवा. दुसऱ्यात, टीव्हीमुळं खप पार बसला, अंक बंद करत आहोत, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. पिराजीनं ते पत्र घडी घालून पेटीत ठेवलं. संध्याकाळी चार कॅन आले, एक नापास झाला. नापासवाला शेतकरी भांडून गेला. त्या दिवशी त्याच्याशी तेवढंच कुणी बोललं.

पुढच्या वर्षी संमेलन कळंबला भरलं. पिराजीला बोलावणं नव्हतं. तरी तो गेला, मागच्या रांगेत बसला. मंडपाच्या दारात गुलाबचं आत्मकथन रचून ठेवलेलं, कव्हरवर त्याचा फोटो. लोक घेत होते, सही मागत होते. दुपारी गुलाबचा सत्कार होता.

सत्काराआधी अर्धा तास गुलाब मागं आला आणि पिराजीशेजारच्या खुर्चीवर बसला. स्टेजवर कुणीतरी कविता म्हणत होतं.

"वाचलंस का?" गुलाबनं विचारलं.

"वाचलं. चांगलं हाय."

"मुक्ताक्काचं लिहिलं त्यात. तिला नवऱ्यानं टाकली तेव्हाचं. सगळे म्हणतात तेच प्रकरण सगळ्यात भारी." थोरल्या बहिणीचं सांगताना गुलाब खाली बघत होता. "दिवाळीला तिच्याकडं गेलो. तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, लिहून घ्यायला आलास का आणखी?"

पिराजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्या तुला पळपुटा म्हणालो," गुलाब म्हणाला.

"जाऊ दे."

"आता काय लिहायलास?"

"शेखरचंच. छापत न्हाय कुणी. लिहितो."

गुलाब जरासा हसला. "खरं सांगू? म्या तुझं एकबी पुस्तक वाचलेलं नाही. सांग की. कुठंय आता तुझा पाणबुड्या?"

पिराजीनं घसा खाकरला. मालन गेल्यापासून आठ वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो हळू आवाजात सांगू लागला. एका बेटावरच्या माणसांनी शेखरला कोंडून ठेवलंय, त्यांची भाषा त्याला येत नाही. एक म्हातारी रोज त्याला भाकरी देते आणि काहीतरी बोलते, ते त्याला कळत नाही. गुलाब कान देऊन ऐकत होता. म्हातारीनं शेखरच्या हातात चावी ठेवली, इथवर गोष्ट आली आणि एक कार्यकर्ता धावत आला. "सर, चला, अध्यक्ष वाट बघायलेत."

"आलोच," गुलाब पिराजीला म्हणाला. "जाऊ नकोस. पुढचं ऐकायचंय."

तो स्टेजवर गेला. शाल, नारळ, मग भाषणं. एकामागून एक माणसं उठून गुलाबबद्दल बोलत होती आणि गुलाब मान खाली घालून ऐकत होता. एकदा त्यानं मागच्या रांगेकडं नजर टाकली. पिराजीनं हात वर केला, पण मधे उभी असलेली माणसं बरीच होती.

चार वाजले. संध्याकाळच्या दुधाच्या आत केंद्रावर पोचायचं तर वाशीची गाडी धरायला हवी होती. अजून दोन वक्ते बाकी होते. पिराजी आणखी थोडा थांबला, मग उठला, खुर्ची आवाज न करता मागं सरकवली आणि स्टँडकडं चालू लागला.